“तुम्ही जाऊन या, मी बसतो इथेच”: सगळ्या घराची परदेशवारी कशी आखायची?

आजचा भाग ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी हे नेहमीप्रमाणे लेखी रूप. बोलताना तेच तेच आलेलं कापलंय, बाकी तसंच ठेवलंय.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा प्रश्न साधारण एकच असतो. “आई-बाबा, सासूबाई, मुलं, सगळ्यांना घेऊन परदेशात जायचंय. सगळ्यांना जमेल असा देश कोणता?” मला वाटतं, सुरुवात या प्रश्नानं करूच नये. का, ते सांगण्याआधी माझी स्वतःची चूक सांगते.

२०१८ मध्ये आम्ही बाबांना घेऊन युरोपला गेलो होतो. ग्रुप टूर, बारा दिवस, पाच देश. परत आल्यावर फोटोंचा अल्बम करायला बसले. तीनशेच्या वर फोटो होते आणि त्यातल्या जेमतेम अकरा फोटोंत बाबा होते. रोममध्ये नाहीत, व्हेनिसमध्ये नाहीत, फ्लोरेन्समध्ये नाहीत. मग आठवलं. प्रत्येक ठिकाणी ते म्हणायचे, “तुम्ही जाऊन या, मी बसतो इथेच.” आणि आम्ही जायचो! व्हेनिसच्या बहुतेक पुलांना पायऱ्या, रोमच्या जुन्या गल्ल्यांत दगडी फरशी, बस लांब उभी. त्यांचे गुडघे दुखत होते, हे आम्हाला दिसत होतं. पण दुसरी गोष्ट मला दोन वर्षांनी कळली, तीही डॉक्टरांसमोर. प्रोस्टेटचा त्रास होता, सारखं जावं लागायचं आणि स्वच्छतागृह कुठे मिळेल याचा भरवसा नव्हता. म्हणून ते दिवसभर पाणीच पीत नव्हते. बारा दिवस! मधुमेह असलेला माणूस. काही बिनसलं नाही, हे आमचं नशीब.

त्यामुळे गेल्या वर्षी पुन्हा सगळ्यांनी बाहेर जायचं ठरलं, तेव्हा मी देशाचं नावच काढलं नाही.

आधी काय विचारायचं?

आम्ही सहा जण. बाबा ७४ वर्षांचे, आई गेल्यापासून आमच्याकडेच असतात. सासूबाई ७१. नवरा, मी, पंधरा वर्षांची लेक आणि सहा वर्षांचा धाकटा. मी प्रत्येकाला एकेकट्याला गाठून दोनच प्रश्न विचारले. पहिला: “काय झालं की तुझा दिवस बिघडतो?” दुसरा: “अशी एकच गोष्ट सांग, जी झाली नाही तर ट्रिप फुकट गेली असं वाटेल.”

एकेकट्याला का? कारण सगळ्यांसमोर आपली मोठी माणसं खरं बोलत नाहीत. “मला काय, कुठेही चालेल,” हे उत्तर म्हणजे उत्तर न देणंच असतं.

आता उत्तरं ऐका. बाबा: पायऱ्या नकोत आणि दर दीड तासानं स्वच्छतागृह हवं. (हे त्यांनी सरळ नाही सांगितलं, मी युरोपचा विषय काढल्यावर सांगितलं.) सासूबाई: पहाटे पाचला चहा, दुपारी तासभर पाठ टेकायला जागा, आणि मांस तळलेल्या तेलातलं काही नको. लेक: सकाळी सहाला उठवू नका आणि रोज एक तास मला कोणाशी बोलायला लावू नका. धाकटा: पोहायला पाहिजे. रांगेत तो दहा मिनिटांच्या वर टिकत नाही, ही भर माझी. नवरा: बुधवारी ऑफिसचा कॉल चुकवता येणार नाही. आणि मी? मी पहिल्यांदाच मोठ्यानं सांगितलं की तिथे जाऊन मला स्वयंपाक करायचा नाही.

हा कागद फ्रिजवर लावला. मग देश शोधायला बसलो.

देश कसा ठरला?

मुलांची सुट्टी मे महिन्यात. दुबई जवळ, पण मे महिन्यात तिथे पारा चाळिशीच्या पुढे. युरोपचं विमान लांबचं आणि घड्याळातला फरक मोठा, म्हणजे बाबांच्या इन्सुलिनच्या वेळा कोलमडणार. शेवटी सिंगापूर ठरलं. मुंबईहून थेट विमान साधारण साडेपाच तासांचं. घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अडीच तास पुढे. विषुववृत्ताजवळ असल्यानं उकाडा बाराही महिने, पण आपल्या मुंबईसारखाच. नळाचं पाणी पिण्याजोगं. मेट्रोच्या स्थानकांना लिफ्ट. आणि मेट्रो स्थानकांत, मॉलमध्ये स्वच्छतागृहं. माझ्या कागदावरची पहिली ओळ तिथेच सुटली.

सिंगापूर स्वस्त नाही, हेही सांगते. त्यामुळे आम्ही दिवस कमी केले. सहा रात्री, एकच शहर, एकच हॉटेल. रोज बॅगा भरून हॉटेल बदलण्यात मोठ्यांची जी दमछाक होते, ती वाचली.

सासूबाईंचं म्हणणं होतं की स्वयंपाकघर असलेलं घरच भाड्यानं घ्यावं. इथे आमची थोडी वादावादी झाली. कारण किचन घेतलं की त्यात कोण उभं राहणार, हे तुम्हाला सांगायला नको. पण मला तिथल्या कायद्यानंच वाचवलं! सिंगापूरमध्ये खाजगी घर तीन महिन्यांपेक्षा कमी मुदतीसाठी भाड्यानं देणं बेकायदा आहे. तेव्हा हॉटेलच घेतलं, खोलीत किटली असलेलं. पाचचा चहा सासूबाई स्वतः करायच्या आणि बाबांनाही द्यायच्या. हॉटेल निवडताना एकच अट: लिटल इंडिया पायी किंवा मेट्रोनं दोन-तीन स्थानकांवर. तिथे शुद्ध शाकाहारी जेवण मिळतं. कोमल विलास तर १९४७ पासून आहे. बाकी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्ल्यांत, बऱ्याच ठिकाणी एकाच कढईत सगळं परततात. तिथे शाकाहारी स्टॉल बघूनच घ्यायचं.

दिवसाचे तीन तुकडे

आता आजच्या भागाचा गाभा. सगळ्यांनी सगळं एकत्र करायचं, हा हट्ट सोडा. आम्ही दिवस तीन भागांत कापला. सकाळ सगळ्यांची, दुपार ज्याची त्याची, संध्याकाळ पुन्हा सगळ्यांची.

सकाळी नऊ ते बारा एकत्र. वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा. बोटॅनिक गार्डन्सला गेलो, २०१५ पासून जागतिक वारसा यादीत आहे, प्रवेश फुकट, फक्त ऑर्किडच्या बागेला तिकीट. प्राणिसंग्रहालयात ट्राम आहे, तिचा बाबांना उपयोग झाला.

दुपारी फुटायचं. तिथे दुपारनंतर गडगडाटी पाऊस नेहमीचाच, त्यामुळे नाहीतरी बाहेर राहण्यात अर्थ नसतो. सासूबाई आणि बाबा खोलीवर आडवे. धाकटा आणि मी पोहायला. लेक कानात हेडफोन घालून तिच्या तासाला. एक दिवस नवरा आणि लेक सेंटोसाला रोलर कोस्टरवर गेले, आम्ही बाकीचे गेलोच नाही. पूर्वी आम्ही सहा तिकिटं काढून चौघांना बाकावर बसवलं असतं!

संध्याकाळी एकत्र. गार्डन्स बाय द बेच्या मोकळ्या बागेला पैसे लागत नाहीत, मोठ्या काचघरांना लागतात. रात्री पावणेआठ आणि पावणेनऊला तिथल्या उंच कृत्रिम झाडांवर दिव्यांचा खेळ असतो, तोही फुकट. धाकटा जमिनीवर उताणा पडून बघत होता, सासूबाई बाकावरून.

फुटताना एक नियम पाळा. प्रत्येकाच्या खिशात हॉटेलचं कार्ड, मोबाइलमध्ये चालू सिम, आणि परत भेटायची वेळ व जागा निघतानाच ठरलेली.

व्हीलचेअरचं काय केलं?

विमानतळावर खूप चालावं लागतं. बाबांना व्हीलचेअर म्हटलं की राग. “मी काय आजारी आहे?” शेवटी मार्ग सासूबाईंनी काढला. त्यांचेही गुडघे दुखतातच. त्या बाबांना म्हणाल्या, “अहो भाऊ, मी सांगितलीय खुर्ची. पण मला एकटीला लाज वाटते बघा. तुम्ही पण बसा ना.” बाबा बसले. मला सहा वर्षांत जे जमलं नव्हतं, ते व्याही-विहिणींत एका वाक्यात झालं.

ही सोय विमान कंपनीला निदान दोन दिवस आधी कळवायची. त्यात प्रकार असतात. लांब चालवत नाही पण पायऱ्या चढता येतात, पायऱ्याही चढता येत नाहीत, आणि सीटपर्यंत न्यावंच लागतं. आपला कोणता, ते नीट सांगा. जेवणही आधीच सांगता येतं. हिंदू शाकाहारी, जैन, आणि उपासवाल्यांसाठी नुसती फळं. आमचं परतीचं विमान नेमकं संकष्टीला! फळांचं ताट आलं आणि सासूबाईंना प्रश्न पडला की चंद्रोदय कुठल्या देशाचा धरायचा.

बॅग भरताना जपा

सासूबाईंनी डिंकाचे लाडू केले होते, खसखस घालून. सिंगापूरमध्ये खसखस न्यायला बंदी आहे, तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्याच्या कक्षेत येते. लाडू शेजारी वाटले. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, मग लेकीनं त्यांना तिथल्या सरकारचं पान मोबाइलवर वाचून दाखवलं. तंबाखू, गुटखा, व्हेप, च्युइंग गम, हेही न्यायचं नाही. झोपेच्या काही गोळ्या आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध न्यायचं असेल तर तिथल्या आरोग्य खात्याची आधी परवानगी लागू शकते. डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधाचं मूळ नाव जवळ ठेवा. इन्सुलिन नेहमी हातातल्या बॅगेत, सामानाच्या बॅगेत गोठू शकतं.

प्रवास विमा घेताना आधीपासूनचे आजार लपवू नका. लपवलेल्या आजारासाठी दवाखान्यात जावं लागलं, तर दावा नाकारला जाऊ शकतो. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक हवी. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, हे विसरायला होतं. व्हिसा अधिकृत एजंटमार्फत. आणि पोहोचण्याच्या तीन दिवस आधीपासून भरायचं अरायव्हल कार्ड सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. त्याचे पैसे मागणारं पान दिसलं तर लगेच बंद करा.

जे फसलं

सगळं जमलं असं नाही. नाइट सफारीला धाकटा ट्राममध्ये बसल्या बसल्या झोपला आणि तिकीट वाया गेलं. दुसरं, मेट्रोला लिफ्ट असते, पण ती स्थानकाच्या प्रत्येक दारापाशी नसते. पहिल्या दिवशी चुकीच्या दारानं निघालो आणि बाबांना उगाच अर्धा किलोमीटर चालवलं. त्यानंतर उतरल्यावर आधी लिफ्टची पाटी शोधायची, मग पाय उचलायचा.

आणि आता दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, जे मी मघाशी मुद्दाम सांगितलं नाही. बाबांची “एकच गोष्ट” होती एस्प्लनेड पार्क. आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. आझाद हिंद सेनेतल्या शहिदांच्या स्मारकाचा पाया नेताजींनी १९४५ मध्ये तिथे घातला. इंग्रज परत आल्यावर त्यांनी ते स्मारक पाडलं. १९९५ पासून त्या जागी खूण म्हणून एक फलक आहे. समोरच पदांगचं मैदान, जिथे जुलै १९४३ मध्ये नेताजींनी सेनेची पाहणी केली होती. प्रवेश फुकट, जमीन सपाट, आणि स्वच्छतागृह जवळच. ते मी आधीच नकाशावर बघून ठेवलं होतं.

बाबा पंधरा-वीस मिनिटं उभे होते. नातवाला काहीतरी सांगत होते. मग पाण्याची बाटली काढली, अर्धी संपवली आणि मला म्हणाले, “काढ आता एक फोटो. सगळ्यांचा.”

तर मंडळी, “सगळ्यांना जमेल असा देश कोणता,” हे विचारण्याआधी घरातल्या प्रत्येकाला ते दोन प्रश्न विचारा. आणि कोणी “तुम्ही जाऊन या” म्हणालं, तर जाऊ नका. शेजारी बसा आणि का ते विचारा.

तुमच्या घरातली उत्तरं काय आली, ते मला जरूर कळवा. पुढच्या भागात भेटूच. तोवर काळजी घ्या!