मिनिटामिनिटाची वही, स्वतःच्या सर्व्हरवर

३० मे २०२४ रोजी नागपुरात पारा ५६ अंशांवर गेल्याची बातमी देशभर पसरली. हा आकडा आला होता धरमपेठेच्या शेजारून. शंकरनगरजवळ उत्तर अंबाझरी मार्गावर कृषी विद्यापीठाच्या शेतात स्वयंचलित हवामान केंद्र आहे, त्याने तो पाठवला. त्याच दिवशी सोनेगावच्या केंद्राने ५४ अंश दाखवले, मात्र वर्धा मार्गावरील कापूस संशोधन संस्थेच्या आणि रामटेकच्या केंद्रांनी ४४. हवामान खात्याने पहिले दोन आकडे यंत्राच्या बिघाडाचे ठरवले. ताडून पाहायला त्याच वेळेच्या दुसऱ्या नोंदी हाताशी होत्या, म्हणूनच बिघाड लगेच लक्षात आला.

आपल्या दुकानात अशी नोंद असते काय? फळवाल्याची शीतखोली, मांस विक्रेत्याचा डीप फ्रीजर, औषध दुकानातील इन्सुलिनचा फ्रीज, आइस्क्रीमचा साठा, या सर्वांचा जीव तापमानावर असतो. समजा, गोकुळपेठ बाजारातील एखाद्या व्यापाऱ्याचा माल रात्रीतून खराब झाला. नोकर म्हणतो यंत्र बंद पडले, मेकॅनिक म्हणतो वीज गेली असेल, विमा कंपनी पुरावा मागते. रात्री दोन वाजता खोलीत किती अंश होते, हे कोणीच सांगू शकत नाही. अशा वेळी नुकसान एकट्या मालकाचे होते आणि कित्येकदा दोष निरपराध कारागिराच्या माथी बसतो.

लिहून ठेवण्याची शिकवण आपल्याला नवी नाही. कुरआनमधील सर्वांत लांब आयत, सूरह अल-बकरहची २८२वी, मुदतीच्या देण्याघेण्याची लिखापढी आणि साक्षीदार याविषयीच आहे. यंत्राच्या वागणुकीची लिखापढी मात्र माणसाकडून होणे कठीण, कारण ती दर मिनिटाला करावी लागते. ते काम संगणकाचे.

अशा नोंदींसाठी जो माहितीसाठा वापरतात त्याला टाइम-सिरीज डेटाबेस म्हणतात. ही एक रोजकीर्द समजा. प्रत्येक ओळीत वेळ, यंत्राचे नाव आणि आकडा एवढेच. दर मिनिटाला एक नोंद धरली तर दिवसाच्या १,४४० आणि वर्षाच्या ५,२५,६०० नोंदी होतात. दहा सेन्सर असतील तर साडेबावन्न लाखांवर. वेळेला ८ आणि आकड्याला ८ असे १६ बाइट धरले तर वर्षाला सुमारे ८४ मेगाबाइट जागा लागेल. पण हे डेटाबेस हुशारीने लिहितात. मुनीम जसा वहीत ‘वरीलप्रमाणे’ची खूण करतो, तसे दोन नोंदींत नेहमीच ६० सेकंदांचे अंतर असेल तर वेळ पुन्हा पूर्ण लिहायची गरज नाही. आकडाही मागच्यापेक्षा जेवढा बदलला तेवढाच लिहायचा. फेसबुकने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत १६ बाइटांची नोंद सरासरी १.३७ बाइटांत बसली. त्या हिशोबाने आपले वर्षभराचे दप्तर सात-साडेसात मेगाबाइटचे, म्हणजे मोबाइलवरच्या दोन-तीन फोटोंएवढे. प्रत्यक्षात थोडे कमी-जास्त होईल, पण जागेची चिंता नको हे नक्की.

हे दप्तर ठेवायचे कोठे? दुकानातल्या संगणकावर ठेवले तर वीज गेली की वहीही बंद. दुसऱ्या कंपनीच्या तयार ऑनलाइन सेवेत ठेवणे सोपे, पण मालकी त्यांच्या मर्जीवर. इन्फ्लक्सडीबी या प्रसिद्ध डेटाबेसच्या कंपनीने २०२३ मध्ये सिडनी आणि बेल्जियम येथील आपली क्लाउड सेवा बंद केली. सूचनेचे ईमेल अनेक ग्राहकांच्या पाहण्यातच आले नाहीत आणि सिडनीच्या ग्राहकांची माहिती परत मिळाली नाही. मधला मार्ग म्हणजे व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हर, थोडक्यात व्हीपीएस. मोठ्या संगणकाचे भाग पाडून ते भाड्याने देतात. व्यापारी संकुलात गाळा घेण्यासारखे हे आहे : इमारत, वीज, पहारा मालकाचा, आतील मांडणी आणि कुलूप आपले. २ गिगाबाइट मेमरीचा असा गाळा महिन्याला हजार रुपयांच्या आतबाहेर मिळतो. मुंबईतील डेटा सेंटरमधला घ्यावा. कंपनी नाव-पत्ता आणि ओळखीचे कागद मागेल. एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनुसार व्हीपीएस देणाऱ्यांना ग्राहकांचा तपशील पाच वर्षे ठेवावा लागतो, तेव्हा त्यात संशय घेण्यासारखे काही नाही.

एक फ्रीज असलेल्या दुकानदाराने मात्र या भानगडीत पडू नये. चांगला थर्मामीटर आणि सकाळ-संध्याकाळची वही त्याला पुरे. ही गोष्ट खरी उपयोगाची आहे ती एसी-फ्रीज दुरुस्तीच्या कारागिरांना. ज्या मेकॅनिककडे वीस दुकानांची देखभाल आहे, त्याला हजार रुपयांचे भाडे दुकानामागे पन्नास रुपये पडते आणि त्या बदल्यात तो गिऱ्हाइकाला अशी सेवा देतो जी शेजारचा देत नाही. नोंदी नुसत्या तापमानाच्या नकोत, कॉम्प्रेसर किती वेळ चालतो आणि किती करंट घेतो याच्याही हव्यात. गॅस कमी होऊ लागला की तेवढ्याच थंडाव्यासाठी कॉम्प्रेसर अधिक वेळ चालू राहतो. कंडेन्सरवर धूळ बसली की करंट चढतो. ही चढण आलेखावर आठवडे आधी दिसू लागते. मे महिन्याच्या दुपारी फोन वाजण्यापेक्षा एप्रिलमध्ये आपणच गिऱ्हाइकाकडे गेलेले बरे.

आता उभारणी. सर्व्हरवर डेबियन किंवा उबुंटू टाकून घ्यावे. डेटाबेसमध्ये इन्फ्लक्सडीबी, टाइमस्केलडीबी, प्रोमिथियस, व्हिक्टोरियामेट्रिक्स ही नावे ऐकू येतील. इन्फ्लक्सडीबीने आवृत्ती बदलताना प्रश्न विचारण्याची भाषाच दोनदा बदलली, त्यामुळे नवशिक्याचा गोंधळ उडतो. टाइमस्केलडीबी ज्याला पोस्टग्रेस येते त्याने घ्यावा. लहान कामासाठी माझी पसंती व्हिक्टोरियामेट्रिक्सला आहे : एकच फाइल, कमी मेमरी, फुकट परवाना. परंतु बसवतानाच माहिती किती काळ ठेवायची ते सांगावे लागते. काही सांगितले नाही तर तो एक महिन्याची माहिती ठेवून मागची पुसतो. प्रोमिथियस तर पंधरा दिवसांचीच ठेवतो. गेल्या उन्हाळ्याशी यंदाची तुलना करायला जावे आणि वही कोरी निघावी, असे होऊ नये म्हणून पाच वर्षांची मुदत पहिल्याच दिवशी घालावी. सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू झाला की डेटाबेसही आपोआप सुरू होईल अशी नोंद सिस्टमडीमध्ये करावी. आलेख पाहण्यासाठी ग्राफाना बसवावे.

सर्वांत जास्त लक्ष कुलपाकडे द्यावे. व्हिक्टोरियामेट्रिक्स आणि प्रोमिथियस मुळात पासवर्ड विचारतच नाहीत. त्यांचे दार इंटरनेटकडे उघडे राहिले तर कोणीही आत येईल. २०१६ च्या अखेरीस आणि २०१७ च्या आरंभी मोंगोडीबी या दुसऱ्या डेटाबेसचे असे हजारो उघडे साठे चोरट्यांनी पुसून टाकले आणि खंडणी मागितली. म्हणून डेटाबेस सर्व्हरच्या आतल्या पत्त्यावरच ऐकेल असे करावे, पुढे कॅडी किंवा एनजिनएक्सचा पहारेकरी बसवून पासवर्ड लावावा आणि फायरवॉलने बाकी सर्व दारे बंद करावीत. सांकेतिक जोडणीचे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळते. सर्व्हरमध्ये स्वतः शिरण्यासाठी पासवर्डऐवजी किल्लीची फाइल वापरावी.

दुकानाच्या बाजूला वाय-फायची ईएसपी३२ पट्टी आणि डीएस१८बी२० सेन्सर एवढ्यावर भागते. या सेन्सरची अर्ध्या अंशाची खात्री उणे १० ते ८५ अंशांपर्यंतच आहे. उणे १८ वर चालणाऱ्या डीप फ्रीजरसाठी दुसरा सेन्सर पाहावा. पहिला सेन्सर कुटलेला बर्फ आणि पाणी भरलेल्या पेल्यात बुडवून शून्य दाखवतो का ते तपासावे, आणि दर खोलीत दोन बसवावेत. अंबाझरीच्या आकड्यासारखा एकटा साक्षीदार खोटे बोलला तर ताडून पाहायला दुसरा हवा. नेट गेले तर पट्टीने नोंदी स्वतःजवळ साठवून नंतर पाठवाव्यात, आणि वेळ मोजल्याची लिहावी, पोचल्याची नव्हे. सर्व्हर जागतिक वेळ लिहितो. आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. ग्राफानात जागतिक वेळ निवडलेली असेल तर दिवस पहाटे साडेपाचला सुरू झालेला दिसेल आणि रात्रीचा हिशोब चुकेल.

मोबाइलवर इशारा दोन प्रकारचा ठेवावा. तापमान पंधरा मिनिटे मर्यादेबाहेर राहिले तर एक, आणि दहा मिनिटे काहीच नोंद आली नाही तर दुसरा. दुसरा बहुतेक जण विसरतात. वीज गेलेली खोली काहीच बोलत नाही.

रोज रात्री प्रत काढून ती दुसऱ्या ठिकाणी, निदान आपल्या घरच्या संगणकावर, उतरवावी. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे डेटा सेंटर आगीत जळाले. ज्यांची प्रतही तेथेच होती त्यांचे दोन्ही गेले. चालू डेटाबेसची फाइल तशीच उचलू नये, आधी स्नॅपशॉट घेऊन त्याची प्रत करावी. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी.

पुराव्याचा प्रश्न राहिला. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयापुढे ठेवताना त्या संगणकाची जबाबदारी असलेल्या माणसाचे आणि तज्ज्ञाचे प्रमाणपत्र लागते. सर्व्हर आपला असेल तर सही कोण करणार हे शोधत बसावे लागत नाही. मेकॅनिकने वीस दुकानांची नोंद एकाच सर्व्हरवर ठेवली तर ती त्याच्याकडे अमानत आहे. एकाचा आलेख दुसऱ्याला दिसू नये, म्हणून ग्राफानात प्रत्येकाची ऑर्गनायझेशन वेगळी करावी. नुसते नाव-पासवर्ड वेगळे केल्याने भागत नाही. वार्षिक देखभालीच्या करारात दोन ओळी घालाव्यात : नोंदी दुकानदाराच्या मालकीच्या, आणि करार संपताच त्यांची पूर्ण प्रत त्याला विनामूल्य मिळेल. सर्व्हरचे पासवर्ड बंद पाकिटात घरातल्या एका जबाबदार माणसाकडे ठेवावेत.