एक हातात, एक गळ्यात!

दोस्तांनो, घोडा भरधाव पळत असतो ना, तेव्हा त्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का? नुसत्या डोळ्यांनी हे सांगता येत नाही. १८७८ सालच्या जून महिन्यात अमेरिकेतल्या पालो आल्टो इथं एडवर्ड मायब्रिज या फोटोग्राफरनं याचं उत्तर शोधलं. त्यानं धावपट्टीच्या कडेला ओळीनं १२ कॅमेरे मांडले आणि त्यांच्या शटरचे दोरे पट्टीवर आडवे ताणले. घोडा दौडत आला, दोरे तुटत गेले आणि खटाखट १२ फोटो निघाले. चारही पाय हवेत असल्याचा पुरावा मिळाला!

आता १२ कॅमेरे कशाला? कारण तेव्हाच्या कॅमेऱ्यातून एकामागून एक झटपट फोटो काढताच येत नव्हते. आज एकच कॅमेरा एका सेकंदात दहा-दहा फोटो काढतो. पण एक अडचण तेव्हा होती, ती आजही आहे. एका कॅमेऱ्यावर एका वेळी एकच लेन्स बसते. ज्यांना खेळाचे फोटो काढायचा नाद आहे, त्यांना या अडचणीनं कधी ना कधी रडवलेलं असतंच.

फोटोत फक्त कोपर!

माझंच सांगतो. माझी मामेबहीण शाळेच्या खो-खो संघात होती. तिचा शाळेतला शेवटचा सामना होता. मी कॅमेरा घेऊन एका खांबाजवळ फतकल मारून बसलो. दुसरा खांब वीस मीटरांहून जास्त लांब, म्हणून ५५-२५० मिलिमीटरची लांबची लेन्स लावली. लांबचे फोटो झकास येत होते. आणि अचानक बहिणाबाई पळत आल्या त्या थेट माझ्याच खांबाकडे! खांबाला हात घालून तिनं असा काही सूर मारला म्हणता! गडी बाद झाला, मैदान दणाणलं. मी बटण दाबलं. फोटोत काय आलं? एक कोपर आणि थोडी धूळ.

असं का झालं, ते बघा. माझ्या कॅमेऱ्यात ५५ मिलिमीटरवर दोन मीटर अंतरावरची जेमतेम ८० सेंटिमीटर रुंदी मावते. सूर मारणारी मुलगी त्यात कशी मावणार? १८ मिलिमीटरवर तेवढ्याच अंतरावरची अडीच मीटर रुंदी मावते. ती १८-५५ची लेन्स माझ्या पिशवीतच होती. पण पिशवी उघडा, टोपण काढा, लेन्स बदला, यात पंधरा-वीस सेकंद जातात. खो-खोत तेवढ्यात गडी बाद होऊन डाव पुढं गेलेला असतो. शिवाय उडत्या धुळीत लेन्स काढली की माती कॅमेऱ्याच्या पोटात!

म्हणून सामन्यांचे फोटो काढणारी मंडळी दोन कॅमेरे बाळगतात. एक हातात, एक गळ्यात. एकावर लांबची लेन्स, दुसऱ्यावर जवळची.

पण आधी वही काढा

लगेच बाबांच्या मागं लागू नका! कॅमेरा ही महागडी वस्तू आहे आणि घरातले पैसे कुणीतरी घाम गाळून मिळवलेले असतात. तेव्हा आधी हा प्रयोग करा. तीन सामन्यांचे फोटो काढा आणि हुकलेला प्रत्येक फोटो का हुकला ते वहीत लिहा.

'फोटो हलला' असं जास्त वेळा आलं, तर दोष शटरच्या वेगाचा आहे. सेकंदाला १० मीटर धावणारा खेळाडू १/६० सेकंदात जवळजवळ १७ सेंटिमीटर पुढं सरकतो. १/१००० सेकंदात सरकतो फक्त १ सेंटिमीटर. म्हणजे शटर १/१००० वर ठेवून बघा. एक पैसाही लागत नाही.

'अंधार होता' असं आलं, तर तुम्हाला लेन्स हवी, बॉडी नव्हे. तुमची लांबची लेन्स बहुधा एफ ५.६ ची असते. ५० मिलिमीटर एफ १.८ ही छोटी, स्वस्तातली लेन्स तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. बंद हॉलमध्ये हीच तुम्हाला तारेल.

'बटण उशिरा दाबलं' असं आलं, तर खेळ नीट बघायला शिका. बसलेल्या गड्याच्या खांद्यावर नजर ठेवा, खो कुणाला मिळणार ते आधी कळू लागतं.

आणि 'लेन्स चुकीची होती' हेच पुन्हा पुन्हा आलं, तर मात्र तुम्हाला दुसरी बॉडी खरोखरच हवी आहे!

नवी कोरी की जुनी तगडी?

आता खरी गंमत. पैसे मोजके असले की आपलं मन नव्या, चकचकीत खोक्याकडं धावतं. जरा थांबा. दोन कॅमेरे शेजारी शेजारी ठेवून पाहू.

कॅनन १५००डी हा २०१८ साली आलेला, शिकाऊ मंडळींसाठीचा कॅमेरा. २४.१ मेगापिक्सेल, फोकसचे ९ बिंदू, सेकंदाला ३ फोटो. कॅनन ७डी मार्क २ आला २०१४ साली, म्हणजे त्याच्याहून चार वर्षं जुना. २०.२ मेगापिक्सेल, पण फोकसचे ६५ बिंदू आणि सेकंदाला १० फोटो!

गणित करा. सेकंदाला १० मीटर धावणारा खेळाडू, सेकंदाला ३ फोटो. दोन फोटोंच्या मध्ये खेळाडू ३ मीटरांहून जास्त पळून गेला! सूर त्या मधल्या फटीतच संपला. सेकंदाला १० फोटो असतील, तर फट उरते १ मीटरची. मेगापिक्सेल कमी असले तरी मैदानावर बाजी कोण मारेल, सांगा बरं?

निकॉनवाल्यांचीही तीच कथा. २०१८चा डी३५०० सेकंदाला ५ फोटो काढतो आणि त्यात फोकसचे ११ बिंदू आहेत. २०१६चा डी५०० काढतो १० फोटो आणि बिंदू १५३. डी५०० आणि ७डी मार्क २ हे दोन्ही आता नव्यानं बनत नाहीत, त्यामुळं ते वापरलेलेच घ्यावे लागतात. तेवढं बजेट नसेल, तर २००९चा पहिला ७डी सेकंदाला ८ फोटो काढतो आणि २०१५चा डी७२०० सेकंदाला ६. म्हातारे खरे, पण अंगात रग आहे!

आता तर आरशाविना चालणारे मिररलेस कॅमेरेही आले आहेत. २०२२चा कॅनन आर१० सेकंदाला १५ फोटो काढतो आणि जुन्या लेन्स त्यावर अडॅप्टर लावून चालतात. परवडत असेल तर उत्तमच. पण अडॅप्टरचे पैसे हिशेबात धरायला विसरू नका.

जोडी जमते का?

दुसरी बॉडी पहिलीची जोडीदार असते. म्हणून पहिला नियम, दोघांना तुमच्या लेन्स चालल्या पाहिजेत. कॅननची लेन्स निकॉनवर सरळ बसत नाही. निकॉनच्या डी३५०० सारख्या छोट्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळं काही जुन्या लेन्स तिच्यावर आपोआप फोकस करत नाहीत. बॅटरी आणि कार्ड दोघांना एकच चाललं, तर सोन्याहून पिवळं. पहिल्या ७डीला फक्त कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड चालतं. ७डी मार्क २ मध्ये तुमचं नेहमीचं एसडी कार्डही बसतं.

घेताना ठोकून-बजावून घ्या

वापरलेला कॅमेरा घ्यायला घरातलं मोठं माणूस सोबत न्या. आपली लेन्स, कार्ड आणि ही यादीही न्या.

एक : शटर किती वेळा उडालंय ते विचारा. ७डी मार्क २ चं शटर दोन लाख वेळांच्या हिशेबानं बनवलेलं आहे. आकडा खूप वाटतो ना? पण सेकंदाला १० फोटो या वेगानं बोट दाबूनच ठेवलं, तर ते साडेपाच तासांत संपतील! म्हणून बोटाला आवर घालायला तुम्हीही शिका.

दोन : एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि मोठा करून पाहा. काळे ठिपके म्हणजे सेन्सरवर धूळ. ती साफ करता येते. ओरखडा असेल तर नमस्कार करून घरी या.

तीन : रस्त्यावरच्या येणाऱ्या-जाणाऱ्या सायकलींचे सलग फोटो काढा. फोकस त्यांचा पाठलाग करतो का ते पाहा.

चार : बॅटरी फुगलेली नाही ना, कार्डाच्या खाचेतल्या पिना वाकलेल्या नाहीत ना, ते बघा.

पाच : मूळ बिल मागा आणि त्यावरचा नंबर कॅमेऱ्याखालच्या नंबराशी ताडून पाहा. बिल नसेल आणि किंमत फारच कमी सांगत असतील, तर माल चोरीचाही असू शकतो.

सहा : बिघडला तर सुटे भाग मिळतील का, हे दुरुस्ती करणाऱ्याला आधीच विचारा. सगळे पैसे बॉडीवर उधळू नका. थोडे दुरुस्ती, कार्ड आणि जादा बॅटरीसाठी बाजूला ठेवा.

मैदानावर जाताना

वेगवान बॉडीवर लांबची लेन्स लावा, संथ बॉडीवर जवळची. लांबच्या खेळाडूचा पाठलाग करणं अवघड, तिथं चांगला फोकस हवा. जवळच्या रुंद फोटोत थोडं इकडंतिकडं चालून जातं. म्हणजे गंमत बघा, 'दुसरा' म्हणून घेतलेला कॅमेराच पहिला होऊन बसतो!

आणखी एक, दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवा. नाहीतर घरी गेल्यावर आधी सूर, मग खो, असा उलटा सामना दिसेल.

आणि एवढ्यात काहीच घेणं जमणार नसेल तर? हिरमुसू नका. लांबची लेन्स कॅमेऱ्यावर ठेवा आणि जवळच्या फोटोसाठी घरातला मोबाईल खिशात. भर उन्हात तो चांगली साथ देतो. हाच तुमचा पहिला 'दुसरा कॅमेरा'!

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या मुलांनी आणि मुलींनीही तो जिंकला. मुलांचा कर्णधार प्रतीक वाईकर आणि मुलींची कर्णधार प्रियांका इंगळे, दोघंही महाराष्ट्राचे. तुमच्या शाळेच्या मैदानावरही उद्याचं कुणीतरी आज धावत असेल. त्याचा सूर टिपणारं दुसरं कुणी तिथं असेलच असं नाही.

माझ्या मामेबहिणीनं तो फोटो अजून जपून ठेवलाय, कोपर आणि धूळवाला. "दादा, हे माझंच कोपर आहे ना रे नक्की?" असं ती दरवेळी विचारते. तुमच्या बहिणीवर ही वेळ येऊ देऊ नका!