हत्ती आणि गावची मजुरी

आफ्रिकेतल्या केनियाने १९७७ साली शिकार बंद करून पर्यटनावर भिस्त ठेवली. बोत्स्वानाने २०१४ साली सरकारी व गावकीच्या रानांत तेच केले. पण पर्यटक जातो ओकावांगोच्या पाणथळीकडे. कोरड्या झुडपी रानात कोण फिरकणार? तिथल्या गावांना शिकारीच्या परवान्यांतून पैसा, माग काढणाऱ्यांना रोजगार आणि घरोघर मांस मिळे. ते सारे गेले, पिके तुडवणारा हत्ती तेवढा राहिला. हौसेखातर गोळी झाडणाऱ्या धनिकाचा मला तिटकारा आहे; तरी गावकऱ्यांची तक्रार मला रास्त वाटते. २०१९ साली बंदी उठली. पर्यटनाचा रोजगार तरी बिनघोर कुठे? २०२० साली साथीत विमाने थांबली, पर्यटकांचे तंबू ओस पडले आणि तिथले कामगार घरी बसले.