पंचगंगेकाठचं पोलिश गाव

धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर बांबूच्या कुडाचं घर कुणाला नवं नाही. पण बांबूच्या चटयांच्या भिंती आणि वर कौलं, अशा बराकींमध्ये कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला सुमारे ५,००० पोलिश माणसं राहत होती! साल १९४३ ते १९४८. बहुतेक बायका आणि मुलं. त्यांतल्या कितीतरी जणींचे नवरे, भाऊ, मुलगे फौजेत होते.

ही माणसं इथवर आली तरी कशी? सप्टेंबर १९३९मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत रशियानं पोलंड वाटून घेतला. पूर्वेकडची लाखो माणसं मालगाड्यांत कोंबून सायबेरिया-कझाकस्तानात धाडली गेली. १९४१मध्ये हिटलर रशियावरच उलटला, तेव्हा या बंदिवानांची सुटका झाली आणि पोलिश जनरल आंदेर्स यांनी त्यांच्यातून सैन्य उभारलं. १९४२मध्ये सैनिक आणि त्यांच्यासोबतची कुटुंबं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात पोचली. पुरुष पुढे आघाडीवर गेले. बायकामुलांपैकी काहींना आसरा मिळाला तो कोल्हापूर संस्थानात.

खरं नवल तर पुढेच आहे. बर्फात गारठून आलेल्या या बायकांनी छावणीचा संसार केला. व्हरांड्यापुढे फुलझाडं लावली. चर्च, शाळा, दवाखाना, नाटकाचा रंगमंच, मुलांची स्काउट पथकं, सगळं उभं राहिलं. मुलं पोलिश इतिहास-भूगोल शिकायची आणि पंचगंगेत पोहायची. पोरांच्या डोक्यातून आपला देश पुसला जाऊ नये म्हणून इतका आटापिटा करणाऱ्या त्या आयांपुढे मला हात जोडावेसे वाटतात.

त्याच वेळी त्यांची माणसं इटलीत लढत होती. १८ मे १९४४ला मोंते कासिनोच्या उद्ध्वस्त मठावर पोलिश निशाण लागलं. दोन महिन्यांच्या आत, १० जुलैला, त्याच इटलीत मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे वळिवड्यातली पोलिश बाई आणि माणगाव तालुक्यातलं घाडग्यांचं घर, दोघांचा जीव एकाच मुलखात अडकलेला होता!

युद्ध जिंकलं, पण १९४५च्या याल्टा परिषदेनं पूर्व पोलंड सोव्हिएत संघाच्या पदरात टाकला. ज्या गावी परतायचं, ते गावच परक्या देशात गेलं. १९४७-४८मध्ये वळिवडं रिकामं होऊ लागलं. इंग्लंडला गेलेल्या अनेक सैनिक-कुटुंबांच्या वाट्याला तिथेही जुन्या लष्करी तळांवरच्या अर्धगोल पत्र्याच्या बराकीच आल्या. आणि वळिवड्याच्या बराकी? त्यांत फाळणीनं उखडलेले सिंधी राहायला आले. तेच आजचं गांधीनगर, कापडाच्या घाऊक बाजारासाठी साऱ्या दक्षिण महाराष्ट्राला ठाऊक असलेलं.