गाडी हिवाळाभर झाकून ठेवायची, की चालवायची?

हा एपिसोड ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. अधूनमधून बोलण्याची भाषा येईल, सांभाळून घ्या.

सुरुवात आईच्या प्रश्नाने करतो. गेल्या वर्षी व्हिडिओ कॉलवर तिला बेसमेंटमध्ये कव्हर घातलेली गाडी दाखवली, तर ती म्हणाली, "अरे, पाच महिने झाकूनच ठेवायची होती तर घेतलीस कशाला?"

प्रश्न चुकीचा नाही. मी जर्मनीत, श्टुटगार्टमध्ये कोड लिहितो. इथे आल्यावर पहिल्या बचतीतून सेकंडहँड माझदा एमएक्स-५ घेतली. २००३ चं मॉडेल, १.६ लिटर, ११० पीएस, दोन सीट, कापडी छत. स्पोर्ट्स कार म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जे येतं त्याच्या बरीच अलीकडची; पण आमच्या घरातली पहिली चारचाकी हीच.

पहिला हिवाळा मी ती बिनधास्त चालवली. विंटर टायर होते, रोज ऑफिसला ६ किलोमीटर जायचो, अडचण काहीच नव्हती. मार्चमध्ये दर २ वर्षांनी होणाऱ्या तपासणीला नेली, जिला इथे सगळे ट्यूफ म्हणतात. तपासणाऱ्याने दाराखालच्या पत्र्यावर टोकदार हत्याराने ठोकलं आणि हत्यार आत गेलं. नापास. वेल्डिंगचं बिल गाडीच्या किमतीच्या पाव भागाएवढं आलं.

आता यात नेमकं काय घडतं ते बघू. इथे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. मिठाचं पाणी शून्याखालीसुद्धा गोठत नाही, योग्य प्रमाण असेल तर थेट उणे २१ अंशांपर्यंत द्रव राहतं. वर ते विजेचं चांगलं वाहक. गंज ही मुळात छोटी विद्युत-रासायनिक प्रक्रिया आहे, आणि तिला मीठ म्हणजे आयतं वायरिंग. आणखी एक वाईट गोष्ट: हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतूनच पाणी ओढतं. म्हणजे गाडी सुकलेली दिसते, पण आतल्या सांध्यांत ओलच असते.

इथे माझं गणित चुकलं होतं. मला वाटायचं, गाडी रात्री उबदार बेसमेंटमध्ये उभी राहते म्हणजे तिचे लाडच चाललेत. पण थंडीत गंजाची प्रक्रिया मंदावते आणि उबेत वेग घेते. दिवसा खारट चिखलात आणि रात्री ऊबदार, दमट जागेत ही सगळ्यात वाईट जोडी. उघड्यावर गारठलेली गाडी कदाचित कमी गंजली असती. शिवाय या मॉडेलमध्ये छताचं पाणी खाली नेणाऱ्या नळ्या पानांनी तुंबतात आणि पाणी दाराखालच्या पोकळ भागात साचतं. म्हणजे माझा पत्रा आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून खाल्ला जात होता.

दुसरा मुद्दा ६ किलोमीटरचा. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन पूर्ण तापलं तर त्याची वाफ सायलेन्सरमधून निघून जाते. थंडीत छोट्या फेऱ्या मारल्या तर ते पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये राहतं. म्हणून "उभी ठेवलीस तरी आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालू करून ठेव" हा सल्ला ऐकू नका. इंजिन तापत नाही, पाणी साठतं आणि बॅटरीही भरत नाही.

मग गेल्या वर्षी मी सीझनची नंबरप्लेट घेतली. जर्मनीत अशी सोय आहे, प्लेटच्या उजव्या कडेला महिने छापलेले असतात. माझ्या प्लेटवर ०४ आणि १०, म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर. टॅक्स आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा. बाकीच्या काळात गाडी चालवायची तर नाहीच, सार्वजनिक रस्त्यावर उभीही करायची नाही. म्हणजे खाजगी जागा हवीच. एक खाच लक्षात ठेवा: विम्याचा नो-क्लेम वर्ग पुढे सरकायला सीझन किमान ६ महिन्यांचा लागतो. पैसे वाचवायला ५ महिन्यांचा घेतला, तर तिथेच अडकून पडाल.

ठेवण्यातही चुका केल्या. हँडब्रेक ओढून ठेवला, सवयच ती! एप्रिलमध्ये मागचे ब्रेक पॅड डिस्कला चिकटलेले. आता गिअरमध्ये ठेवतो आणि चाकाखाली लाकडी ठोकळा. बॅटरी तर जानेवारीतच गेली. नंतर मल्टिमीटरने मोजलं, गाडी बंद असताना २५ मिलीअँपिअर ओढते. दिवसाला ०.६ अँपिअर-तास. माझी बॅटरी ३२ ची, म्हणजे ५३ दिवसांत खडखडाट. पाचवीतलं गणित, बीटेक झालेल्या माणसाने पाच महिने उशिरा केलं. यंदा बॅटरी काढून घरी आणतोय. या गाडीत ती डिकीत असते, त्यामुळे काम सोपं आहे.

बाकी पटकन सांगतो. ठेवण्याआधी खालून नीट धुवायची आणि मग कोरड्या दिवशी अर्धा तास चालवून आणायची, म्हणजे ब्रेक सुकतात. ऑइल आधी बदलायचं, नंतर नाही, कारण जुन्या ऑइलमध्ये पाणी आणि आम्ल असतं. टाकी भरलेली. टायरमध्ये नेहमीपेक्षा जास्त हवा, नाहीतर एका जागी चपटे होतात. छत वर, नाहीतर कापडाला घड्या पडतात. आणि कव्हर हवा खेळेल असं, प्लास्टिक अजिबात नको. कोकणात पावसाळाभर ताडपत्रीखाली गुंडाळून ठेवलेली बाईक गणपतीत उघडल्यावर कशी दिसते, हे माहीत असेलच, तोच प्रकार.

पण सगळ्यांनीच गाडी ठेवून द्यावी असं माझं म्हणणं नाही. माझा एक जर्मन सहकारी त्याची नवी स्पोर्ट्स कार वर्षभर चालवतो आणि त्याचं बरोबर आहे. आजकाल पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो, ऑफिस लांब असल्याने इंजिन तापतं, टायर विंटरचे. समर टायरवर मात्र हिवाळ्यात निघू नका. साधारण ७ अंशांखाली ते रबर कडक होतं आणि पकड सोडायला लागतं, मग बर्फ असो वा नसो. जुनी, गंजणारी गाडी, छोट्या फेऱ्या आणि ऑफिसला जायला ट्राम, हे तिन्ही असेल तर ठेवा. माझं तिन्ही आहे.

तोटा एकच, आणि तो यंदा लागतोय. आई-बाबा पहिल्यांदाच जर्मनीला येतायत, फेब्रुवारीत. बाबांनी आयुष्यभर चेतक चालवली, तिरकी करून किक मारत. त्यांना या गाडीत, छत उघडून बसायचंय, आणि फेब्रुवारीत ती बेसमेंटबाहेर काढता येणार नाही. थोड्या दिवसांची तात्पुरती प्लेट मिळते का ते पाहिलं. मिळते, पण फक्त चाचणीसाठी किंवा गाडी एका जागेहून दुसरीकडे न्यायला. बाबांना फिरवणं यात बसत नाही.

काल फोन करून सांगितलं, तिकिटं एप्रिलची काढू. बाबा लगेच हो म्हणाले. आई मागून ओरडली, "ऐन आंब्याच्या दिवसांत घर सोडून यायचं?"

चर्चा चालू आहे. तोपर्यंत मी बॅटरी काढून घेतो.