कोशाचा रंग, पडद्याचे माप

साकोली परिसरातून पडद्यावर जाणाऱ्या चित्रांत दोन रंग विशेष हट्टी आहेत: नागझिऱ्याच्या वाघाचा नारिंगी आणि ऐनावर पोसलेल्या अळीच्या कोशातून निघणाऱ्या टसर म्हणजेच कोसा रेशमाचा सोनेरीकडे झुकणारा तपकिरी. पहिला एखाद्या मोबाइलवर भडकतो, दुसरा संगणकावर मळकट होतो, आणि घरी आलेले कापड चित्रातल्यासारखे दिसले नाही की ठपका विणकरावर येतो.

१८९४ साली सुरू झालेल्या राजा रविवर्मा यांच्या छापखान्यात प्रत्येक रंगासाठी निराळा शिळाछाप दगड लागे, तरी शाई, कागद आणि नजर एकाच छताखाली असे. पडद्याच्या युगात चित्र पाठवणाऱ्याला पाहणाऱ्याचे यंत्र कोणते हेच ठाऊक नसते. सुरुवातीच्या वेबवर केवळ २१६ ‘सुरक्षित’ रंगांवर भागवण्याचा काळ रेंगाळण्याजोगा नाही. मॅकिंटॉशचा गॅमा, म्हणजे आकड्यांचे उजेडात रूपांतर करणारा घातांक, २००९ पर्यंत १.८ होता व इतरांचा साधारण २.२, त्यामुळे एकच चित्र एकीकडे फिके आणि दुसरीकडे काळवंडलेले दिसे, एवढे नोंदवले की पुरे.

खरा प्रश्न मापाचा आहे. चित्रातील प्रत्येक बिंदू लाल, हिरवा व निळा यांच्या तीन आकड्यांत साठवलेला असतो. परंतु ते आकडे कोणत्या रंगावकाशातले, म्हणजे कोणत्या लाल-हिरव्या-निळ्यावर बेतलेले, हे न सांगणे म्हणजे पायली की खंडी हे न सांगता धानाचा आकडा कळवणे होय. ही माहिती चित्रासोबत नेणारी नोंद म्हणजे रंग-प्रोफाइल. तिचे सामाईक स्वरूप ठरवण्यासाठी १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय रंग संघ, आयसीसी, स्थापन झाला. १९९६ मध्ये ह्यूलेट-पॅकार्ड व मायक्रोसॉफ्ट यांनी एसआरजीबी हा सामान्य पडद्यांना पेलणारा रंगावकाश मांडला, आणि १९९८ चा अ‍ॅडोबी आरजीबी त्याहून विस्तृत, विशेषतः हिरव्या-निळसर छटांत. अ‍ॅडोबी आरजीबीतले चित्र नोंदीविना गेले की ते एसआरजीबी समजून दाखवले जाते व वाघ विटका दिसतो. उलट एसआरजीबीचे आकडे विस्तृत पडद्यावर जसेच्या तसे ओतले की तोच वाघ शेंदरी होतो.

ब्राउझरांनी हे उशिरा मनावर घेतले. फायरफॉक्सच्या २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीत प्रोफाइल वाचण्याची सोय होती, पण मुळात बंद. पुढच्या वर्षी ३.५ मध्ये प्रोफाइल असलेल्या चित्रांपुरती ती चालू झाली. आज प्रमुख ब्राउझर प्रोफाइल वाचतात, मात्र चित्र हलके करण्याच्या नावाखाली कित्येक साधने तीच आधी कापतात, जरी एसआरजीबीची नेहमीची प्रोफाइल जेमतेम ३ किलोबाइटची असते.

रंगावकाश जितका मोठा तितके चित्र थोर, असे मानणारा एक पंथ छायाचित्रकारांत आहे. पाहणाऱ्याकडे तसा पडदाच नसेल तर ही थोरवी कोणासाठी, याचे उत्तर त्या पंथाने अद्याप दिलेले नाही. त्याहून खेदाची गोष्ट अभिरुचीची आहे: मोबाइलच्या ‘भडक’ सेटिंगला सरावलेल्या डोळ्यांना खरा कोसा उदास वाटू लागला असून, चित्रकार दीनानाथ दलालांचा ‘दीपावली’ अंक पाहिलेल्या मराठीत दिवाळी अंकांची मुखपृष्ठेही आता मोबाइलवरच पसंत होतात.

कोसाविक्रेत्यांनी व वन्यजीव छायाचित्रकारांनी चित्र एसआरजीबीत रूपांतरित करावे, नुसते लेबल बदलू नये, आणि प्रोफाइल आत ठेवूनच पाठवावे. पाहणाऱ्याच्या पडद्याचा रात्रीचा पिवळा उजेड एवढे करूनही आवरता येत नाही. म्हणून महागड्या साडीसाठी कापडाचा तुकडा टपालाने पाठवणे अजूनही अधिक भरवशाचे आहे.