हाली, कलदार आणि १९८६ चा भाव

मोंढा ते जिनिव्हा : भाग ९

या आठवड्यात बियाण्यांच्या पेटंटचं बघू म्हणालो होतो. ते राहू द्या. मराठवाड्यातल्या आमच्या उमरीतल्याच एका जिनिंगच्या मुनिमांनी वहीचं पान फाडून पाठवलंय आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय मला पुढं सरकता येणार नाही. पानावर तीनच ओळी आहेत. २०२५-२६ चा लांब धाग्याचा हमीभाव ८,११०. बाजार ७,००० च्या आत-बाहेर. फरक हजार-अकराशे, म्हणजे पंधरा-सोळा टक्के. खाली लाल शाईनं : ‘मग तुमचे ८१ टक्के आले कुठून?’

तो आकडा माझा नाही, अमेरिकेचा आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेनं जागतिक व्यापार संघटनेत भारताच्या कापसाचा स्वतःच हिशेब मांडला आणि २०१०-११ ते २०१६-१७ या हंगामांत भारतानं उत्पादनाच्या किमतीच्या ५३.१ ते ८१.२ टक्के इतका आधार दिला असं सांगितलं. मुभा दहा टक्क्यांची. मुनीमजी, तुमची वजाबाकी बरोबर आहे. तुम्ही हमीभावातून आजचा बाजारभाव वजा केला, इतकंच. तिकडं, जिनिव्हातल्या त्या संघटनेत, आजचा भाव चालत नाही. तिकडं १९८६ ते १९८८ या तीन वर्षांचा सरासरी भाव वजा करतात. दर वर्षी तोच, आजही.

थट्टा वाटते, पण शेती कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात हे पांढऱ्यावर काळं आहे. उरुग्वे फेरीची बोलणी सप्टेंबर १९८६ मध्ये सुरू झाली, म्हणून पाया त्या वर्षांचा धरला. एप्रिल १९९४ मध्ये माराकेशला सह्या झाल्या तेव्हाच तो भाव सात-आठ वर्षं शिळा होता. त्यानंतर तो कुणी बदललेला नाही. आणि ती तीन वर्षं तरी कसली? अमेरिका आणि युरोप एकमेकांवर कुरघोडी करत निर्यातीला अनुदानं ओतत होते, धान्याचे जागतिक भाव तळाला गेले होते. कापसाचंही तेच. अमेरिकेच्या १९८५ च्या शेती कायद्यानं तिथल्या शेतकऱ्याला पडत्या भावातही कापूस विकायला मोकळीक दिली आणि १९८६ मध्ये जगाचा बाजार कोसळला. म्हणजे ज्यांनी भाव पाडला त्यांनीच तो पडलेला भाव कायमचा पाया म्हणून लिहून घेतला. मी ही लेखमाला सुरू केली ती खरं तर परिशिष्टातल्या या एका ओळीसाठी. बाकी सगळं तिच्याभोवती रचलंय असं म्हटलं तरी चालेल.

आता जरा पेन घ्या. कापसाऐवजी तांदूळ घेतो, कारण तांदळाचे दोन्ही आकडे जाहीर आहेत. भारताचा १९८६-८८ चा तांदळाचा पायाभूत भाव टनाला ३,५२० रुपये, म्हणजे क्विंटलला ३५२. तोच भाव त्या वेळच्या विनिमय दरानं २६२.५१ डॉलर टनाला. भागून बघा, एका डॉलरला तेरा-साडेतेरा रुपये पडतात. तेव्हा दोन्ही आकडे एकच होते. आता २०१८-१९ ला या. धानाचा हमीभाव १,७५०. भरडून दोन तृतीयांश तांदूळ धरला तर तांदळाला साधारण २,६०० पडले. यातून ३५२ रुपये वजा करा, आधार येतो सव्वादोन हजारांच्या आसपास. पण डॉलरनं मोजलं तर क्विंटलला सव्वासव्वीस डॉलर, त्या साली सत्तर रुपयांचा डॉलर, झाले अठराशे चाळीसच्या आसपास. आधार उरतो साडेसातशेच्या घरात. तांदूळ तोच, साल तेच, हमीभाव तोच. रुपयांत मोजलं तर आधार तिप्पट दिसतो.

भारत डॉलरमध्ये कळवतो. अमेरिकेनं रुपयांत मांडलं. सगळी गंमत इथं आहे. रुपयांत मोजलं की तीस वर्षांची महागाई अनुदान म्हणून शेतकऱ्याच्या नावावर चढते. करारात महागाईचा विचार करावा असं एक वाक्य आहे (१८ वं कलम, चौथं पोटकलम), पण ते ‘अवाजवी’ महागाईबद्दल आहे, आणि अवाजवी किती ते कुणी सांगितलेलं नाही.

उमरीच्या जुन्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही. निजामाच्या राज्यात इथं हाली शिक्का चालायचा आणि इंग्रजी मुलखात कलदार. ढोबळ हिशेब सात हालीला सहा कलदार. कापूस रेल्वेनं मुंबईला गेला की त्याची पट्टी कलदारात यायची, हमालाची मजुरी, बैलगाडीचं भाडं, शेतकऱ्याची उचल सगळं हालीत. मधला बट्टा कुणाच्या खिशात जायचा हे प्रत्येक आडत्याला ठाऊक. विषय निघालाच आहे तर : ३० जानेवारी १९४८ ला मुक्तिसंग्रामातल्या तरुणांनी उमरीची बँक लुटली, वीस लाखांहून जास्त रक्कम हाती लागली. हैदराबाद मुक्तिसंग्रामावरच्या लेखनात ही कथा धाडसाची म्हणून येते, आणि धाडस होतंच. मला मात्र लहानपणापासून वेगळंच कुतूहल होतं. एवढ्याशा गावच्या बँकेत एवढा पैसा काय करत होता? जानेवारी महिना, हंगाम भरात, जिनिंग-प्रेसिंगचं गाव, गाठी लादायला स्टेशन दारात. मला तरी दुसरं उत्तर दिसत नाही. त्या संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली आणि पुढं इतिहासाच्या पानावर उमरीला फार जागा उरली नाही.

असो. मुनीमजींच्या ८१ टक्क्यांमधला अर्धा भाग झाला. उरलेला भाग असा, की शिळ्या भावातला फरक कशाला गुणायचा? भारत म्हणतो, सरकारनं जेवढं खरेदी केलं तेवढ्याला. अमेरिका म्हणते, जेवढं खरेदीला पात्र होतं तेवढ्या सगळ्याला, म्हणजे देशात पिकलं ते सगळं. व्यापार संघटनेतल्याच कोरियाच्या गोमांसाच्या तंट्यातल्या जुन्या निकालाचा आधार त्यांना आहे, त्यामुळं कायद्याच्या भाषेत त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही.

पण ‘पात्र’ म्हणजे काय ते सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर जाऊन बघावं. जिनिंगच्या फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग. ग्रेडर येतो, ट्रॉलीवर चढतो, आर्द्रतामापकाची सळई कापसात खुपसतो, आकडा वाचतो. एका जागी नाही, तीन-चार जागी. खालच्या थराचा कापूस हातानं उकरून काढतो, कवडी किती, पत्ती किती बघतो. आठ टक्क्यांपर्यंत ओल असेल तर पूर्ण भाव. त्यावर बारापर्यंत टक्क्यामागं भाव उतरतो. बाराच्या पुढं गेला की ट्रॉली परत. नोव्हेंबरातली पहिली वेचणी, सकाळचं दव, अवकाळीची एखादी सर, आणि साडेबारा. तो शेतकरी तिथून निघतो तो सरळ खासगी व्यापाऱ्याकडं, मिळेल त्या भावानं. अमेरिकेच्या हिशेबात तो कापूसही सरकारी आधार मिळालेला. घरात पडून राहिलेला, पुढच्या मार्चमध्ये विकलेला, तोही.

याच्याही आधीची एक गोष्ट मला जास्त खुपते. करार झाला तेव्हा प्रत्येक देशाला आपण १९८६-८८ मध्ये शेतीला किती आधार देत होतो ते लिहून द्यायचं होतं. ज्यांनी भरमसाट दिला होता त्यांना सांगितलं, थोडा कमी करा, उरलेला हक्क तुमचा. त्यातून अमेरिकेच्या पदरात वर्षाला १९.१ अब्ज डॉलरचा हक्क पडला, युरोपच्या पदरात ७२ अब्ज युरोंचा. भारतानं लिहिलं, पिकांना दिलेला आधार उणे २४,४४२ कोटी रुपये. उणे साडेबावीस टक्के. म्हणजे शेतकऱ्याला जागतिक भावापेक्षा कमी मिळत होतं, आधार देणं लांबच. मग भारताला हक्क किती? शून्य, फक्त दहा टक्क्यांची ती किमान सूट. दिलं नव्हतं म्हणून पुढंही द्यायचं नाही.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी तो उणे आकडा उचलला आणि गावोगाव सांगितला. स्वित्झर्लंडमधल्या बर्नला जागतिक टपाल संघटनेत नोकरी केलेला माणूस, आंतरराष्ट्रीय करारांचे कागद वाचायची सवय असलेला. कर्नाटकात शेतकरी नेते नंजुंडस्वामी डंकेल प्रस्तावाविरुद्ध, म्हणजे याच कराराच्या मसुद्याविरुद्ध, उभे होते, दिल्लीत डावे उभे होते, आणि जोशी म्हणत होते, येऊ द्या डंकेल. परक्यांनी लुटण्याआधी आपलंच सरकार लुटतंय याची ही सरकारी कबुली आहे. मराठवाड्यातल्या माझ्या पिढीचं त्यावरून घराघरात भांडण झालं. बाजार खुला झाला की भाव आपोआप चढेल हे त्यांचं गणित मला तेव्हाही पटलं नव्हतं. २००१-०२ मध्ये अमेरिकेच्या अनुदानानं कापूस पाडला तेव्हा तर नाहीच. पण दिल्लीबद्दलचं निदान पक्कं होतं. पुढं २०१८ मध्ये ओईसीडी आणि इक्रिअर या संस्थांनी मिळून हिशेब केला. २०००-०१ ते २०१६-१७ या काळात भारतीय शेतकऱ्याला मिळालेला एकूण आधार सरासरी उणे १४ टक्के. त्याच साली अमेरिका म्हणत होती अधिक ८१! दोन्ही ठिकाणी शेतकरी तोच; एकानं चालू काळातल्या भावाशी तुलना केली, दुसऱ्यानं १९८६ च्या.

म्हणून पायाभूत भाव बदला ही भारताची मागणी मला रास्त वाटते. २०२२ मध्ये विकसनशील देशांच्या जी-३३ गटानं आफ्रिकी देशांसोबत जो मसुदा दिला त्यात साधी युक्ती होती. मागच्या पाच वर्षांचे भाव घ्या, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी वगळा, उरलेल्यांची सरासरी. शाळकरी पोराला जमेल असा हिशेब. फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये अबू धाबीच्या परिषदेतही त्यावर एकमत झालं नाही.

तोवर धकायला २०१३ च्या बालीतलं शांतता कलम आहे. मर्यादा ओलांडली तरी तंटा नेणार नाही, एवढंच त्याचं वचन. २०१८-१९ मध्ये तांदळाचा आधार ४३.६७ अब्ज डॉलरच्या उत्पादनावर ५ अब्ज, म्हणजे ११.४६ टक्के भरला, तेव्हा भारतानं ते कलम पुढं केलं. असं करणारा तो पहिला देश. पण मुनीमजी, हे कलम अन्नसुरक्षेसाठी साठवलेल्या पारंपरिक अन्नधान्यापुरतं आहे. कापूस खाता येत नाही. पंजाबच्या धानाला छत्री आहे, उमरीच्या कापसाला नाही. दिल्लीतले मुत्सद्दी अन्नसुरक्षेवर तासन्‌तास बोलतात, या फटीवर फारसं कुणी बोलताना दिसत नाही.

आणि दिल्लीचं दुसरं तोंड. जिनिव्हात गरीब शेतकऱ्याचं नाव घेणाऱ्या सरकारनं १९ ऑगस्ट २०२५ ला कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढवलं, म्हणजे बरोब्बर आपल्या वेचणीचे महिने. कारण होतं अमेरिकेनं भारतीय कपड्यांवर लादलेलं ५० टक्के शुल्क. गिरण्यांना स्वस्त कापूस हवा होता. गिरण्यांची अडचण खोटी नव्हती. पण तिची किंमत कुणी मोजायची याचा निर्णय घेताना बोंड फुटण्याच्या वेळापत्रकाकडं कुणी पाहिलं नाही. ते शुल्क काही जिनिव्हानं काढायला लावलं नव्हतं. बाजारभाव हमीभावाखाली हजारानं का राहिला, या तुमच्या पानावर न लिहिलेल्या प्रश्नाचं थोडं उत्तर इथं आहे.

पान परत पाठवतो आहे, मागच्या बाजूला तांदळाची आकडेमोड करून. कापसाची तुम्ही करून बघा; रुईचा उतारा आणि सरकीचा भाव माझ्यापेक्षा तुम्हाला चांगला ठाऊक.

बियाण्यांचं पेटंट पुढच्या आठवड्यात नक्की घेईन म्हणतो. पण लातूरच्या एका डाळमिलवाल्यांनी मोझांबिकच्या तुरीबद्दल विचारलंय आणि त्यांचा प्रश्न असा आहे, की तो आधी घ्यावा लागेल असं दिसतंय.